८० हर्ट्झची घरघर आणि वैमानिकाचे कान

सेस्ना १७२ हे जगभरातल्या फ्लाइंग स्कूलमधलं नेहमीचं विमान. सरळ उड्डाणात त्याचा प्रॉपेलर मिनिटाला साधारण २४०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ४०. पाती दोन, म्हणून हवेवर सेकंदाला ८० थापा पडतात. इंजिन चार सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक, आणि प्रॉपेलर थेट त्याच्याच दांड्याला जोडलेला. दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे तेही सेकंदाला ८० वेळा. इंजिन आणि प्रॉपेलर दोघंही एकाच खर्जात, ८० हर्ट्झवर, घुमत राहतात. त्यावर वाऱ्याचा घोंघाट. अशा लहान विमानाच्या कॉकपिटमध्ये आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो. वैमानिकाने कोणता हेडसेट घ्यावा, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

आपल्याकडे गोंदियाला किंवा शिरपूरला विमान शिकायला येणाऱ्या मुलामुलींना व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास उडावं लागतं. कामगारांच्या आरोग्यासाठीचा एक सर्वमान्य हिशेब असा: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास चालतील, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. झीज बहुतेक ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते, आणि स, श, फ यांसारखी व्यंजनं ओळखायला आपल्याला वरचेच सूर लागतात. रेडिओवर ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांची गल्लत होऊ नये म्हणून जगभरचे वैमानिक ‘फाइफ’ आणि ‘नायनर’ म्हणतात. इतक्या काळजीने बोललेला आकडा ऐकणाऱ्याच्या कानातच पुसट होऊन चालणार नाही. म्हणून हेडसेटची निवड मला चैनीची बाब वाटत नाही.

हेडसेट आवाज दोन तऱ्हांनी अडवतो. पहिली तऱ्हा जुनी: कानावर घट्ट बसणारा कप, त्यात फोम, कडेला मऊ गादी. ४००० हर्ट्झच्या लाटेची लांबी जेमतेम साडेआठ सेंटिमीटर, ती इथे अडते. ८० हर्ट्झची लाट चार मीटरहून लांब. तिला हलका कप आणि बोटभर फोम नीट थोपवू शकत नाहीत. म्हणून साधा हेडसेट घातला की वाऱ्याचा घोंघाट कमी होतो, पण घरघर कवटीत राहते. खालचे सूर वरच्या सुरांना झाकून टाकतात, त्यामुळे बोलणं ऐकू यावं म्हणून हात आपोआप आवाज वाढवायला जातो. मग कानाला इंजिनाचाही मार आणि स्पीकरचाही.

दुसरी तऱ्हा आवाजाने आवाज मारण्याची. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पॉल ल्यूग यांना या कल्पनेचं अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळालं. कपाच्या आतला छोटा माइक घरघर ऐकतो, सर्किट तिची नेमकी उलटी लाट तयार करतं आणि स्पीकर ती सोडतो. एकीचं संपीडन आणि दुसरीचं विरलन एकत्र आलं की हवा जवळपास जागची हलत नाही. १९७८ साली एमआयटीचे प्राध्यापक अमर बोस युरोपातून बोस्टनला परतताना विमानातल्या हेडफोनवर वैतागले आणि प्रवासातच त्यांनी याची गणितं मांडायला घेतली. (त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेला गेलेले स्वातंत्र्यसैनिक.) १९८६ साली न थांबता, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या व्हॉयेजर विमानात बोस यांच्या कंपनीचे प्रायोगिक हेडसेट होते. दुकानात असा हेडसेट १९८९ साली आला.

ही उलटी लाट सगळाच आवाज का मारत नाही? सगळा खेळ वेळेचा आहे. समजा उलटी लाट एक मिलिसेकंद उशिरा पोचली. ८० हर्ट्झच्या लाटेला एका आवर्तनाला १२.५ मिलिसेकंद लागतात. तिथे एवढ्या उशिरानंतरही आवाजाचा दाब निम्म्यावर येतो. पण ५०० हर्ट्झचं आवर्तन २ मिलिसेकंदांचं. तिथे एका मिलिसेकंदाच्या उशिराने उलटी लाट सुलटी होते आणि दाब दुप्पट! खरी सर्किटं याहून खूप चपळ असतात, तरी वरच्या सुरांत हीच अडचण येते. साधारण हजार हर्ट्झच्या वर ही युक्ती थकते आणि तिथून पुढे फोम आणि गादीच उपयोगी पडतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: उलटी लाट सोडणारं बटण बंद असताना जो हेडसेट चांगला, तोच घ्यावा. गादीत फट राहिली की दोन्ही तऱ्हा एकदमच कमजोर होतात. चष्म्याची जाड काडी, कानावरून ओढलेले केस, मोठी कर्णफुलं, यातलं काहीही फट पाडतं. आपण उडताना जो चष्मा लावतो तोच लावून हेडसेट घालून बघावा.

प्रवासात गाणी ऐकायचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन इथे का चालत नाहीत, हे मुलं नेहमी विचारतात. मुख्य कारण माइक. वैमानिकाच्या माइकला पुढून आणि मागून दोन्हीकडे छिद्रं असतात. इंजिनाची घरघर दोन्हीकडून जवळपास सारखीच येते आणि कटते. ओठांपाशी निघालेला शब्द मात्र एका बाजूने खूप जोरात येतो, म्हणून टिकतो. माइक ओठांपासून दोन बोटं लांब गेला तरी हा फायदा ओसरतो. त्याला ओठांशी जवळजवळ टेकवूनच ठेवावं.

प्लगही बघून घ्यावेत. लहान विमानांत ऐकण्याचा आणि बोलण्याचा असे दोन वेगवेगळ्या जाडीचे, हेलिकॉप्टरमध्ये बहुधा एकच, एअरबसमध्ये आणखी तिसराच. बॅटरी संपली तरी रेडिओ ऐकू येत राहतो ना, हे दुकानातच सेल काढून तपासावं. आवाज मारणाऱ्या हेडसेटची किंमत हजार डॉलरच्याही पुढे जाते. तेवढे पैसे नसतील तर नीट बसणारा साधा हेडसेट घ्यावा आणि आत फोमचे इअरप्लग घालावेत. मी तरी स्वस्तातल्या, सैल बसणाऱ्या ‘नॉइज कॅन्सलिंग’पेक्षा हीच जोडी निवडेन.

एक धोका उरतो. २००७ साली अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, वैमानिकांना कळवलं होतं की अशा हेडसेटमुळे रेडिओतून न येणारे इशारे आणि यंत्राचे बदललेले आवाज दबू शकतात. सेस्ना १७२ चा स्टॉलचा (पंखांवरची हवा विस्कटून उचल एकदम कमी होण्याचा) इशारा देणारा भोंगा हे नेमकं उदाहरण. पंखाच्या पुढच्या कडेला एक फट असते; विमान स्टॉलच्या जवळ गेलं की तिथून हवा ओढली जाते आणि पेटीतल्या रीडसारखा सूर निघतो. तारेने हेडसेटपर्यंत काहीच येत नाही, तो सूर कॉकपिटच्या हवेतूनच ऐकावा लागतो. नवा हेडसेट घेतल्यावर पहिल्याच उड्डाणात, प्रशिक्षक शेजारी असताना आणि पुरेशा उंचीवर, त्यांना स्टॉलचा सराव घ्यायला सांगा. भोंगा एकदा बटण बंद ठेवून ऐका, एकदा चालू करून.