हॉलमध्ये आवाज घुमतोय? नवे स्पीकर घेण्याआधी हे वाचा

भाषण मागच्या रांगेपर्यंत पोचते, पण शब्द कळत नाहीत. मग मंडळ मोठे स्पीकर आणते आणि गोंगाट आणखी वाढतो. गुळगुळीत गिलावा, लादी, स्लॅब आणि काचा आवाज जवळजवळ शोषतच नाहीत. त्यामुळे आधीचा शब्द विरण्यापूर्वी पुढचा त्यात मिसळतो. आवाज वाढवला की घुमणेही तेवढेच वाढते.

रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभे राहून एक जोरदार टाळी वाजवा. भाषणासाठी घुमणे साधारण एक सेकंदात विरायला हवे, भजनासाठी दीड सेकंद चालतो. टाळीनंतर 'टर्रर्र' अशी फडफड ऐकू आली, तर ती समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींची आहे.

घुमणे कमी करायला भिंतींवर आवाज शोषणारी पॅनेल लावतात. ती किती लागतील? घुमण्याचे सेकंद = ०.१६ × हॉलचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर, म्हणजे आवाज पूर्ण शोषणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतके). १८ × १२ × ४.५ मीटरच्या हॉलचे घनफळ ९७२ घनमीटर. भाषण आणि भजन यांच्या मधले १.२ सेकंद धरले, तर सुमारे १३० चौरस मीटर शोषण हवे. रिकाम्या हॉलचे ३० धरा, शंभर माणसे बसली की ४५ मिळतात. उरलेल्या ५५ साठी साधारण ६० चौरस मीटर चांगले पॅनेल लागते.

सुरुवात मागच्या भिंतीपासून करा, कारण तिच्यावरून परतणारा आवाज सर्वांत उशिरा येतो. मग बाजूच्या भिंती. तिथे पॅनेल समोरासमोर न लावता एकाआड एक लावा, म्हणजे एका भिंतीवरच्या पॅनेलसमोर दुसऱ्या भिंतीचा उघडा भाग येईल. रंगमंचावरचे छत मात्र मोकळे सोडा. तिथून परतणारा आवाज लगेच येतो आणि वक्त्याला मदतच करतो.

आमच्या किनारपट्टीवर खरी परीक्षा असते ती सामानाची. पावसाळ्यात जिप्समच्या टाइल्स लोंबतात, साध्या प्लायला वाळवी लागते, साधे स्क्रू खाऱ्या हवेने गंजून भिंतीवर तांबडे ओघळ सोडतात. म्हणून ॲल्युमिनियमची चौकट, ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्क्रू, आत ५० मिलिमीटर जाडीचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे रॉकवूल (दगडापासून केलेली तंतूंची गादी). मागे ५० मिलिमीटर पोकळी हवीच: भिंतीला हवा लागते, बुरशी धरत नाही आणि पखवाजाचा खोल आवाजही जास्त शोषला जातो. वरचे कापड तोंडाला लावून फुंकर मारा. हवा पलीकडे गेली नाही, तर ते कापड घेऊ नका. पुढे पॅनेलवर रंगही मारू नका, छिद्रे बुजतात.

अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांचा उपयोग नाही. उघडा फोम तर लावूच नका, पेटला की विषारी धूर होतो.

पत्र्यावरचा पाऊस आणि शेजाऱ्यांपर्यंत जाणारा आवाज हे वेगळे काम आहे. पॅनेल हॉलमधले घुमणे कमी करतात, आवाज अडवत नाहीत. पत्र्यासाठी वेगळा थर आणि स्वतंत्र छत लागते.

दर विचारताना हॉलची लांबी, रुंदी, उंची, छताचा फोटो आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलेली टाळी पाठवा. छप्पर पत्र्याचे असेल, तर पाहणीला भर पावसातच बोलवा.