मार्शलने नऊ वर्षं झाकून ठेवलेली चाल?

बुद्धिबळाच्या गप्पांत हमखास निघणारी गोष्ट: १९०९ च्या सामन्यात क्यूबाच्या कापाब्लांकाकडून मार खाल्ल्यावर अमेरिकेच्या फ्रँक मार्शलने एक हुकमी चाल शोधली आणि ती केवळ कापाब्लांकासाठी १९१८ पर्यंत दडवून ठेवली. ऐकायला झकास. पण खरी नाही.

रुय लोपेझ या नावाच्या सुरुवातीत आठव्या चालीला काळा वजिरापुढचं प्यादं दोन घरं ढकलतो आणि राजापुढचं प्यादं पांढऱ्याला खाऊ देतो, तीच ही चाल. ती १८९३ मध्ये हवानात वालब्रोट्विरुद्ध खेळली गेली होती. खुद्द मार्शलनेही १९१७ मध्ये न्यूयॉर्कला फ्रेअरविरुद्ध ती खेळून पाहिली होती. मग गुपित कसलं?

१९१८ चा या दोघांचा डाव मात्र पटावर मांडून पाहाच. तेराव्या चालीला मार्शलचा घोडा थेट कापाब्लांकाच्या राजापाशी, पटावरच्या जी४ या घरात उतरतो. एच३ वरचं प्यादं त्याला सहज मारू शकतं. कापाब्लांका मारत नाही, वजीर एफ३ वर आणतो. समोरच्याची तयारी घरी झालेली आहे हे ओळखूनही तो डगमगला नाही आणि छत्तीस चालींत जिंकला. मार्शलने पुढे अकराव्या चालीत घोडा मागे घेण्याऐवजी सी६, म्हणजे सी रांगेतलं प्यादं एक घर पुढे, असं सुचवलं. आज खेळतात ते तेच.