सबवूफरची निवड (घरगुती स्टिरिओसाठी)

सबवूफर म्हणजे संगीतातला फक्त खर्जाचा भाग, ढोबळमानाने २० ते १०० हर्ट्‌झमधले (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचे) आवाज, वाजवणारा स्वतंत्र स्पीकर. घरगुती प्रकारात ॲम्प्लिफायर बहुधा त्याच्या पेटीतच बसवलेला असतो. मराठवाड्यात त्याला सर्रास ‘बुफर’ म्हणतात आणि वरातीतल्या डीजेपुढे छातीत जे धडधडते तेच त्याचे काम, असे समजतात. दोन स्पीकरांवर गाणे ऐकणाऱ्याच्या घरात त्याचे काम नेमके उलटे असते. तो चालू असल्याचे कळू नये; बंद केला की तंबोऱ्याची खर्जाची तार उतरल्यासारखे वाटावे.

किती खाली जाणारा सबवूफर हवा, हे ऐकण्याच्या आवडीवर ठरते. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्‌झवर बोलते. बेस गिटारचा सर्वांत खालचा स्वर ४१ हर्ट्‌झचा, पियानोचा २७.५ हर्ट्‌झचा. भजन, गोंधळ, ख्याल, जुनी चित्रपटगीते ऐकणाऱ्याला ४० हर्ट्‌झपर्यंत नीट जाणारा आठ किंवा दहा इंची सबवूफर पुरतो. त्याखाली जाणे महाग पडते, कारण तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावे लागते. बंद पेटीचा सबवूफर खाली हळूहळू उतरत जातो आणि लहान खोली त्याची उणीव थोडी भरून काढते. हवा खेळायला भोक ठेवलेली पेटी ठरावीक पट्ट्यात जास्त जोर देते आणि त्याखाली झपकन संपते. कणीक लावलेल्या पखवाजाची थाप उमटून वेळेवर विरावी, अशी अपेक्षा असेल तर बंद पेटीकडे कल असावा. पेटीवर छापलेल्या ‘पी.एम.पी.ओ.’ (क्षणभराच्या कमाल ताकदीच्या) वॅटकडे पाहूच नये. तो आकडा गिऱ्हाईकासाठी असतो, कानासाठी नाही. पाहायचाच तर आर.एम.एस. वॅट, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा आकडा पाहावा.

खरी अडचण खोलीची असते. ४० हर्ट्‌झची ध्वनिलहर साडेआठ मीटर लांब असते, म्हणजे ती खोलीत मावतच नाही. समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक स्वर अडकून फुगतात. बारा फुटांच्या अंतरात तो स्वर सुमारे ४७ हर्ट्‌झचा, दहा फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्‌झचा. स्लॅबच्या घरात दहा बाय बाराची खोली आणि छतही दहा फुटांवर असेल, तर रुंदी आणि उंची एकाच स्वरावर जोर देतात आणि तेवढाच एक स्वर घुमत राहतो. खोली दहा बाय दहाची असेल तर विचारायलाच नको. भिंतीवर वाकळ टांगून काही साधत नाही. तिने झांजेचा कडकपणा कमी होईल, खर्ज तिला जुमानत नाही.

जुन्या माळवदाच्या घराचे तसे नाही. हातभर जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचा थर असलेली खोली सहसा खडखडत नाही. सोपा अंगणाकडे उघडा असेल तर खर्ज बाहेर निघून जातो आणि फुगवटाही कमी होतो, पण तिथे थोडा मोठा सबवूफर लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर-धाराशिव भागातली दगडमातीची असंख्य घरे पडली, त्यामुळे तिकडच्या ऐकणाऱ्याच्या वाट्याला बहुधा सिमेंटच्या भिंती येतात. पत्र्याच्या छताखाली मात्र आधी पत्र्याचे हूक आवळावेत, मग सबवूफरचे दुकान गाठावे.

जागा ठरवण्याची एक युक्ती आहे. सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवून गाणे लावावे आणि आपण भिंतीकडेने वाकून प्रदक्षिणा घालावी. जिथे खर्ज सर्वांत सारखा ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवावा. (घरचे हसतात, ते सोसावे.) कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येतो, सर्वांत चांगला येईलच असे नाही. बसण्याची जागा खोलीच्या अगदी मधोमध असेल तर तिथे नेमके ते घुमणारे स्वर गायब होतात, म्हणून खुर्ची थोडी मागेपुढे सरकवावी.

जोडणीचे पाहूनच खरेदी करावी. अनेक स्टिरिओ ॲम्प्लिफायरना सबवूफरसाठी वेगळे आउटपुट नसते. अशा वेळी स्पीकरच्याच तारांवरून संकेत घेणारा, म्हणजे ‘हाय लेव्हल इनपुट’ असलेला सबवूफर लागतो. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या स्वराखाली सबवूफरचे काम सुरू होते ती सीमा, ८० हर्ट्‌झवर ठेवावी हा सल्ला सिनेमाच्या रिसीव्हरसाठी (होम थिएटरच्या ॲम्प्लिफायरसाठी) ठीक आहे, कारण तो मुख्य स्पीकरांचा खर्ज कापून सबवूफरकडे पाठवतो. साध्या स्टिरिओत मुख्य स्पीकरांचा खर्ज कोणी कापत नाही. तेव्हा ते स्पीकर जिथे स्वतःहून दमतात तिथेच, बहुधा ५० ते ६० हर्ट्‌झवर, सबवूफरने हात द्यावा. फेजचे बटण (सबवूफरचा पडदा मुख्य स्पीकरांच्या जोडीने हलावा की उलट, हे ठरवणारे) ० आणि १८० अंशांवर फिरवून पाहावे आणि बसल्या जागी खर्ज जास्त भरेल ती बाजू ठेवावी. कीर्तनकाराचा आवाज सबवूफरमधून आल्यासारखा वाटला, तर क्रॉसओव्हर वर गेला आहे किंवा आवाज जास्त झाला आहे.

गाणे बंद असतानाही सबवूफर गुणगुणत असेल तर तो ५० हर्ट्‌झच्या विजेचा आवाज असतो. दोष सबवूफरचा आहे असे ठरवण्याआधी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात स्टॅबिलायझरही हिशेबात धरावा. चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात पेटीतला ॲम्प्लिफायर तापतो, म्हणून मागे वीतभर जागा सोडावी. आणि आवाजाची पातळी कूलर बंद ठेवून लावावी. कूलरच्या घरघरीत खर्ज बुडतो, माणूस बटण वाढवत जातो, आणि दिवाळीत तेच गाणे लावले की शेजारी दार वाजवतात.