पाणीही अडत असेल तर ॲसिडिटीवर थांबू नका

ठाणे, कळवा, वाशी, पनवेल, कुठल्याही औषधाच्या दुकानात "छातीत जळजळतंय" म्हटलं की पॅन्टोप्राझोलची पट्टी मिळते. बहुतेकांना तिने बरं वाटतंही. पण घास छातीत अडतोय, रात्री आडवं झाल्यावर न पचलेलं अन्न तोंडात येतंय, वजन उतरतंय आणि जोडीला जळजळ आहे, असं असेल तर अकॅलेशियाचा, म्हणजे गिळताना अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू न उघडण्याच्या आजाराचा, विचार व्हायला हवा. हा आजार वर्षाला साधारण लाखात एकाला होतो, म्हणून तो लवकर कुणाच्या लक्षात येत नाही. त्यातली जळजळ खरी असते, पण बरेचदा ती अन्ननलिकेत साचून आंबलेल्या अन्नाची असते. जठरातलं आम्ल कमी करणारी गोळी तिथे काय करणार?

एक खूण महत्त्वाची. गाठीने किंवा व्रणामुळे नलिका अरुंद होते तेव्हा आधी चपाती-भाकरी अडते, पातळ पदार्थ नंतर. अकॅलेशियात बहुधा सुरुवातीपासून पाणीही अडतं.

अन्ननलिका सुमारे २५ सेंटीमीटर लांब. तिच्या तळाशी तीन-चार सेंटीमीटरचा गोलाकार स्नायू एरवी आवळलेला असतो आणि गिळताना सैल होतो. वरून खाली सरकणारी आकुंचनाची लाट आपण शाळेत शिकलो. पण ती वरूनच खाली का जाते, हे शाळेत कुणी सांगत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. गिळताक्षणी नलिकेच्या खालच्या दोन-तृतीयांश भागातल्या स्नायूंना पहिला निरोप जातो तो सैल होण्याचा, आणि तो सगळ्यांना जवळजवळ एकाच वेळी जातो. वरच्या भागात हा सैलपणा थोडा वेळ टिकतो, खाली जावं तसा जास्त. तो जिथे संपतो तिथे स्नायू आवळतो. म्हणून आकुंचन वर आधी आणि खाली नंतर होतं. तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलात तर प्रत्येक घोटामागे लाट येत नाही. दर घोट सैल होण्याचा निरोप नव्याने देतो, नलिका शांत राहते आणि शेवटच्या घोटानंतर एकच जोरदार लाट येते.

हा निरोप देणारं मुख्य रसायन म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. स्नायूंच्या दोन थरांमधल्या चेतापेशी ते बनवतात. त्यामुळे स्नायूपेशीत सीजीएमपी नावाचं निरोप्या रसायन वाढतं, कॅल्शियम उतरतं आणि स्नायू ढिला पडतो. अकॅलेशियात नेमक्या याच पेशी आधी मरतात, आवळायला सांगणाऱ्या काही काळ टिकतात. एकाच नुकसानातून दोन बिघाड होतात: खालचा स्नायू उघडत नाही आणि लाटेचा क्रम मोडतो. जिभेखाली सॉर्बिट्रेट (हृदयाच्या दुखण्यावर देतात ती गोळी) ठेवल्यावर काहींना थोडा वेळ आराम पडतो, तो ही नायट्रिक ऑक्साइडची वाट बाहेरून चालू केल्यामुळे. पण डोकं दुखतं आणि परिणाम टिकत नाही.

या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यात मरत असाव्यात, असं आजवरचं संशोधन सुचवतं. २०१४ साली प्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए-डीक्यू जनुकांतल्या बदलांशी या आजाराचा संबंध दिसला. "कुणीतरी काहीतरी खायला घातलंय" म्हणत मांत्रिकाकडे नेण्याने फक्त वेळ आणि रुग्णाचं वजन जातं. जेवताना उलटी होणाऱ्या तरुण मुलीला "नखरे करते" म्हणणं तितकंच वाईट. व्हिनेगर आणि अल्कलाइन पाण्याने मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत.

तपासणीत आधी एंडोस्कोपी, मुख्यतः कर्करोग नाही ना हे पाहायला, कारण जठराच्या तोंडाशी असलेली गाठ अगदी अशीच लक्षणं देते. त्यापूर्वी डॉक्टर सांगतील तसं एक-दोन दिवस फक्त पातळ घ्या. साचलेलं अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका खरा आहे. सुरुवातीच्या आजारात एंडोस्कोपी नॉर्मल येऊ शकते आणि बरेच जण तिथेच थांबतात. निदान पक्कं होतं ते हाय रिझोल्यूशन मॅनोमेट्रीने, म्हणजे नलिकेतला दाब मोजणाऱ्या तपासणीने. ती सगळीकडे होत नाही, ठाण्यात किंवा नवी मुंबईत अपॉइंटमेंट घेण्याआधीच विचारून घ्या. नाकातून बारीक नळी घालतात, तिच्यावर साधारण एकेक सेंटीमीटरवर ३६ दाबमापक असतात. पाच मिलिलिटर पाण्याचे दहा घोट, प्रत्येकामध्ये अर्धा मिनिट. मध्येच आवंढा गिळला तर वर सांगितलेला निरोप पुन्हा जातो आणि नोंद बिघडते. गिळल्यानंतरच्या दहा सेकंदांत खालचा स्नायू सर्वांत सैल असतो त्या चार सेकंदांचा सरासरी दाब म्हणजे आयआरपी. प्रचलित यंत्रांपैकी एकावर, आडवं झोपून, त्याची नॉर्मलची वरची मर्यादा पाऱ्याचे १५ मिलिमीटर आहे. रिपोर्टवर अकॅलेशियाचा प्रकार १, २ की ३ हे लिहिलेलं हवं, उपचार त्यावर ठरतो. दुसऱ्या प्रकारात उपचाराचा गुण सर्वांत चांगला येतो. तिसऱ्यात नलिकेलाही उबळ येते, तिथे पोएम, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतूनच स्नायू कापणं, सोयीची, कारण तिच्यात लांब छेद घेता येतो.

सगळे उपचार दार उघडतात, पेशी परत आणत नाहीत. फुग्याने स्नायू ताणतात (३० मिलिमीटरपासून सुरुवात, गरजेनुसार ३५, ४०), पोटातून दुर्बिणीने स्नायू बाहेरून कापण्याची हेलर शस्त्रक्रिया करतात किंवा पोएम. जपानमध्ये हारुहिरो इनोउए यांनी २००८ साली माणसावर पहिली पोएम केली. आतल्या अस्तराखाली द्रव सोडून ते उचलतात, लहान छेद घेऊन बोगदा करतात, तो जठरात दोन-तीन सेंटीमीटर नेतात, आतून गोलाकार स्नायू कापतात आणि क्लिपांनी बोगद्याचं तोंड बंद करतात. नलिका फुगवायला हवेऐवजी कार्बन डायऑक्साइडच हवा, कारण छातीत गळला तरी तो लवकर शोषला जातो.

२०१९ च्या एका चाचणीत दोन वर्षांनी पोएमचं यश ९२ टक्के आणि फुग्याचं ५४ टक्के होतं. पण आम्लाने नलिकेला आलेली सूज पोएमनंतर ४१ टक्के जणांत होती, फुग्यानंतर ७ टक्क्यांत. म्हणजे आधी निरुपयोगी ठरलेली तीच पॅन्टोप्राझोल आता खरोखर लागू शकते. ती मनाने बंद करू नका. आणि घास उतरतोय म्हणून फॉलो-अप सोडू नका: नलिका रिकामी होत नसतानाही बरं वाटू शकतं, ते बेरियम (एक्स-रेत दिसणारं पांढरं द्रव) पिऊन एक, दोन आणि पाच मिनिटांनी काढलेल्या एक्स-रेमध्येच दिसतं.