ग्राहकांच्या सामूहिक दाव्यांत उरणारा पैसा : पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या क्लास अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे अनेक ग्राहकांच्या वतीने एकत्र चालणाऱ्या दाव्यांत, पैसा उरतो याचे मूळ १९६६ च्या नियमबदलात आहे. संघीय दिवाणी प्रक्रियेचा नियम २३ तेव्हा नव्याने लिहिला गेला आणि भरपाईच्या दाव्यात ‘मला वगळा’ असे न कळवणारा प्रत्येक ग्राहक आपोआप धरला जाऊ लागला. भरपाई मात्र बहुधा फॉर्म भरणाऱ्यालाच मिळते. दुकानातून घेतलेल्या किरकोळ वस्तूंच्या खरेदीदारांची यादी कोणाकडेच नसते, पावत्या टिकत नाहीत आणि ई-मेलने आलेली सूचना स्पॅममध्ये पडते. संघीय व्यापार नियामकाच्या २०१९ च्या अभ्यासात, फॉर्म भरावा लागणाऱ्या तडजोडींत दावा करणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ९ टक्के निघाले. सूचना गेलेल्यांच्या संख्येनुसार काढलेली भारित सरासरी फक्त ४ टक्के. शिवाय पाठवलेले काही चेक मुदतीत वटतच नाहीत.

खरा गुंता वाढवला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या निकालाने. वकिलांची फी भरपाईच्या संपूर्ण निधीवर मोजावी, कारण पैसे मागण्याचा हक्क मिळणे हाच लाभ आहे, मग तो कोणी वापरो वा न वापरो, असे न्यायालयाने म्हटले. पण तो खटला कर्जरोखेधारकांचा होता. प्रत्येकाचा हिस्सा हिशेबाने ठरवता येत होता. तेच सूत्र नाव-पत्ता नसलेल्या ग्राहकांना लावले गेले आणि इथेच घोळ झाला. फॉर्म किचकट ठेवला, मुदत आखडती ठेवली, तरी फी कमी होत नाही. उरलेली रक्कम कंपनीकडेच राहणार असेल तर कंपनीलाही ते सोयीचे. २००५ च्या कायद्याने, भरपाई रोखीऐवजी कूपनांत दिली जाते तेवढ्यापुरती, ही पळवाट आवळली : कूपनच्या मूल्यावर फी घ्यायची तर वापरली गेलेली कूपनेच मोजायची. रोख तडजोडींना हा नियम लागू झाला नाही.

२०१४ मध्ये सांधेदुखीच्या गोळ्यांच्या खटल्यात एका अपील न्यायालयाने हिशेब उघडा केला. सूचनेची पोस्टकार्डे ४७ लाखांहून अधिक, दावे ३०,२४५, ग्राहकांच्या हाती ८,६५,२८४ डॉलर आणि मंजूर झालेली फी १९.३ लाख डॉलर. तडजोडीचे मूल्य मात्र २.०२ कोटी धरले होते. त्यात पोस्टकार्ड मिळालेला प्रत्येक जण ३ डॉलर मागेल असे गृहीत धरलेले १.४२ कोटी होते. न्यायालयाने तडजोड रद्द केली.

उरलेला पैसा धर्मादाय संस्थेला देण्याची ‘सी-प्रे’ पद्धत विश्वस्तनिधींच्या जुन्या कायद्यातून आली. १८६७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरीविरोधी कार्यासाठी ठेवलेला निधी गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्यांच्या मदतीकडे वळवला गेला. सामूहिक दाव्यांत ती १९७० च्या दशकात शिरली. २०१० मधील एका प्रतिष्ठित कायदेसंस्थेच्या तत्त्वांनुसार क्रम उलटा हवा : आधी दावे केलेल्यांनाच दुसरा हप्ता, तो परवडत नसेल तरच संस्था, आणि तीही ग्राहकांच्या हिताशी जुळणारी. योग्य तोच आहे, कारण निधी ग्राहकांच्या नुकसानीतून उभा राहतो.

नियम २३ मधील २०१८ च्या दुरुस्तीने पैसे वाटण्याची पद्धत कितपत परिणामकारक आहे हे तपासणे न्यायाधीशांवर बंधनकारक केले. २०१९ मध्ये सर्च इंजिनच्या ८५ लाख डॉलरच्या तडजोडीत सी-प्रेने पैसे संस्थांना जाणार होते, ग्राहकांना काहीच मिळणार नव्हते. अशी तडजोड चालते का, या मूळ प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने हात न लावता, वादींना प्रत्यक्ष हानी झाली का एवढे पाहण्यासाठी प्रकरण परत पाठवले.