हॉप्स : बेल्जियन धाटणीच्या एलसाठी निवड आणि पर्याय

हॉप्स ही ह्युम्युलस ल्युप्युलस या भांगेच्या कुळातल्या वेलीची मादी फुले. बिअरचा कडवटपणा, सुगंधाचा काही भाग आणि टिकाऊपणा त्यांच्यातून येतो. या वेलीला उन्हाळ्यात लांबलचक दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडी लागते. भारतात तिची लागवड हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात झाली. विदर्भात हॉप्स बाहेरूनच येणार. हवी ती जात मिळेलच असे नाही, म्हणून इथे पर्यायांची माहिती जातींच्या यादीपेक्षा जास्त कामाची.

एल ही बिअरचीच एक तऱ्हा; बेल्जियन एलची ओळख यीस्टमधून होते. लवंग, मिरी, पिकलेले केळे असे वास त्याचेच. हॉप्सने मागे राहून साथ करायची. म्हणून साझ, स्टायरियन गोल्डिंग, ईस्ट केंट गोल्डिंग, हालरटाउ अशा सौम्य जाती चालतात. साझ नसेल तर टेटनांगर किंवा लुब्लिन घ्यावे, हालरटाउऐवजी लिबर्टी किंवा माउंट हूड. स्टायरियन गोल्डिंगपाशी मात्र फसगत होते: ती गोल्डिंगची नसून फगलच्या वंशातली आहे. तिच्या जागी फगल किंवा विलामेट जास्त जवळ जाते. सिट्रा, कॅस्केड यांसारख्या अमेरिकी जाती ट्रिपेलमध्ये (फिकट, तगड्या बेल्जियन एलमध्ये) शेवटी घातल्या की यीस्टचे काम झाकून टाकतात.

माल्टच्या पाण्यात उकळीच्या सुरुवातीला पडणाऱ्या हॉप्सचा सुगंध बहुतेक उडून जातो, तिथे जातीचा आग्रह नको. हिशेब अल्फा आम्लाचा, म्हणजे हॉप्समधल्या कडवटपणा देणाऱ्या घटकाचा. ३.५ टक्के अल्फाचे ३० ग्रॅम साझ सांगितले असेल आणि हाताशी १४ टक्क्यांचे मॅग्नम जातीचे हॉप्स असतील, तर ३० ला ३.५ ने गुणून १४ ने भागावे : साडेसात ग्रॅम पुरे. अल्फाचा आकडा दर हंगामाला बदलतो, तेव्हा तो पाकिटावरचाच धरावा. शेवटच्या काही मिनिटांत पडणाऱ्या हॉप्सना हे गणित लावू नये; तिथे वास जुळला पाहिजे.

विदर्भातली खरी अडचण उन्हाची. पारा ४५ च्या वर गेलेला आणि लाइन तासन्‌तास गायब, अशा मे महिन्यात फ्रीझरचाही भरवसा नसतो. उष्णता आणि हवा लागली की अल्फा घटते. पाकीट फोडल्यावर हॉप्स दाबून केलेल्या दोन गोळ्या तळहातावर चुरून पाहाव्यात : चुरा हिरवा आणि वास गवताचा किंवा मसाल्याचा असेल तर ठीक, तपकिरी पडून जुनाट चीजसारखा वास मारत असेल तर नामांकित जातही टाकून द्यावी. लँबिक (आंबट बेल्जियन बिअर) बनवणारे हॉप्स मुद्दाम जुने करून वापरतात खरे, पण ती सबब कपाटात विसरलेल्या पाकिटाला चालत नाही.

कडुनिंब किंवा किराईत घालून कडूपणा येईल, हॉप्सची चव येणार नाही. विटबिअरमधली (गव्हाच्या बेल्जियन बिअरमधली) संत्र्याची साल आणि धने मात्र इथे घरचेच. मूळ पाककृतीत कडू कुरासाव संत्र्याची साल असते. नागपुरी संत्र्याची साल तिच्याहून गोडसर, त्यामुळे कडवटपणाचा भार हॉप्सवरच ठेवावा.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय बिअर बनवणे घरीही गुन्हा आहे. वर्धा आणि गडचिरोली हे तर दारूबंदीचेच जिल्हे.