मेल-ऑर्डर कॅटलॉग व्यापार (अमेरिका)

छापील सूचीपत्र पाहून टपालाने मागणी पाठवायची आणि माल रेल्वेने किंवा टपालाने मागवायचा, अशी विक्रीपद्धत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती अमेरिकेच्या ग्रामीण भागात रुजली. मोठे लोहमार्ग शिकागोत एकत्र येत असल्याने हा धंदाही तिथेच वाढला.

खेड्यातल्या दुकानात माल मोजका, भाव घासाघिशीचा आणि उधारी पीक हाती येईपर्यंतची. दलालांवर शेतकऱ्यांचा राग होता. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या ग्रेंज या शेतकरी संघटनेने त्या रागाला वाचा फोडली. एरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये १६३ वस्तूंचे एकपानी दरपत्रक काढले, ते याच गिऱ्हाइकासाठी. पण कधी न पाहिलेल्या व्यापाऱ्याला आगाऊ पैसे कोण पाठवणार? माल पसंत न पडल्यास पैसे परत, ही हमी वॉर्ड यांनी १८७५ मध्ये जाहीर केली. स्वस्त भावाइतकाच, किंबहुना जास्तच, धंदा या हमीने उभा केला.

रिचर्ड सीअर्स मिनेसोटात रेल्वे स्टेशनवर एजंट होते. स्थानिक जवाहिऱ्याने नाकारलेली घड्याळे १८८६ मध्ये विकून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे घड्याळ दुरुस्त करणाऱ्या अल्वा रोबक यांना सोबत घेतले. सीअर्स जाहिराती स्वतः लिहीत. त्या भडक असत, पण शेतकऱ्याला नेमके काय बोचते हे त्यांना ठाऊक होते. वॉर्डच्या कॅटलॉगपेक्षा आपला आकार थोडा लहान ठेवला, म्हणजे घरात गठ्ठा रचताना तो वर राहील, हा हिशेबही त्यांचाच. १९०५ मध्ये आयोवातील चांगल्या ग्राहकांना प्रत्येकी २४ कॅटलॉग ओळखीच्यांत वाटायला दिले आणि त्या ओळखीच्यांनी खरेदी केल्यास वाटणाऱ्याला बक्षीस ठेवले.

मागणी नोंदवताना वस्तूचा क्रमांक, किंमत, रंग व माप लिहायचे आणि मनीऑर्डर किंवा ड्राफ्ट जोडायचा. कपड्यांची मापे घरीच टेपने घ्यायची असल्याने तिथे चुका होत. काही माल आपल्याकडच्या व्ही.पी.सारखा, हाती पडल्यावर पैसे देऊन सोडवता येई. मालगाडीचे भाडे ही मोठी मेख होती: १०० पौंडांना जेवढे भाडे, साधारण तेवढेच २०-३० पौंडांनाही पडे. म्हणून शेजाऱ्यांनी मिळून एकत्र मागणी करावी, असा सल्ला कॅटलॉगच देई.

मागण्या वाढल्या तसा घोळही वाढला. एकाच मागणीतले बूट, भांडी आणि कापड वेगवेगळ्या विभागांतून यायचे. सीअर्स कंपनीच्या १९०६ मधील नव्या शिकागो इमारतीत तिथले कामकाज पाहणारे ऑटो डोअरिंग यांनी प्रत्येक मागणीला १५ मिनिटांची ठरावीक वेळ नेमून दिली. तेवढ्यात विभागाची वस्तू बांधणीच्या जागी पोहोचली नाही, तर उरलेला माल त्याशिवाय रवाना होई.

टपालखात्याने १८९६ पासून शेतवस्तीवर घरपोच पत्रे देण्याची सुरुवात केली, त्यामुळे कॅटलॉग दारात पोहोचू लागले. पार्सलची मर्यादा मात्र ४ पौंडच होती. जड माल खासगी एक्सप्रेस कंपन्या नेत. १ जानेवारी १९१३ ला पार्सल पोस्ट सुरू झाले आणि मर्यादा ११ पौंडांवर गेली. गावच्या दुकानदारांनी त्याला कडाडून विरोध केला होता. काही गावांत तर कॅटलॉगच्या जाहीर होळ्या झाल्या. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय ग्राहकांना मात्र गोऱ्या दुकानदाराचा अपमान न सोसता, तोच माल छापील भावाने मिळू लागला.

मोटारगाडी आल्यावर शेतकरी शहरातल्या दुकानापर्यंत जाऊ लागला. सीअर्सने १९२५ मध्ये पहिले किरकोळ दुकान उघडले, तेही शिकागोतल्या त्याच मेल-ऑर्डर इमारतीत.